पांढरी काठी, उजवीकडे तोंड

इअरफोनची वायर तिच्या दप्तराच्या बंदात अडकली, हिसका बसला, आणि भर बसमध्ये फोनमधली मेसेज वाचून दाखवणारी बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "भोंगा. धडकसाठी हे ठरलं. पांढरी काठी घेतलेली स्त्री. पांढरी काठी घेतलेली स्त्री. पांढरी काठी घेतलेली स्त्री." भोंगा ही तिची मैत्रीण, आणि कुठलीही गोष्ट एकदा पाठवून थांबली असती तर तिला भोंगा कोण म्हणालं असतं. धडक म्हणजे ती स्वतः. बाकं, कचऱ्याचे डबे, अर्धवट उघडी दारं आणि एकदा तर साक्षात मुख्याध्यापक, अशा सगळ्यांना धडकून तिनं हे नाव कमावलं होतं, आणि स्वतः कमावलेल्या नावाचा माणसाला राग येत नाही. पण आत्ता बसमध्ये एकदम शांतता झाली. सगळ्यांनी वळून बघितलं असणार. तिला दिसलं ते फक्त समोरच्या सीटवरच्या माणसाचं नाक आणि त्याच्या वरची एक दयाळू भुवई. "बस बाळा, बस इथे," नाक म्हणालं आणि उठलं. आता उभं राहायला काही डोळे लागत नाहीत, पाय लागतात, आणि ते तिला दोन होते. पण हे सगळं कुणाला सांगत बसणार, म्हणून ती बसली. बसल्यावर त्या बोलक्या बाईचं तोंड बंद करायला तिनं फोन जवळ घेतला, स्क्रीनवर नजर लावली, आणि तेवढ्यात मागच्या सीटवरून एक बाई शेजारणीला हळूच, म्हणजे ऐकू जाईल इतकं हळूच, म्हणाली, "मोबाईल बरा दिसतो." त्याच वेळी स्क्रीनवर वकिलाचा मेसेज आला. वकील म्हणजे वर्गातला तो, जो घंटा झाली तरी 'पण बाई' म्हणून उभाच असतो. त्यानं लिहिलं होतं, 'पण तिला तर दिसतं ना? मग हे चित्र तिचं कसं?' तिनं तो मेसेज स्वतःच्या डोळ्यांनी, न अडखळता, शेवटच्या प्रश्नचिन्हापर्यंत वाचला. वाईट याचं नव्हतं की वकील खवचट आहे. वाईट याचं होतं की हाच प्रश्न ती गेले कित्येक महिने स्वतःला विचारत होती आणि उत्तर सापडत नव्हतं.

काठी दप्तरातच होती. कंपासच्या खाली, डब्याच्या बाजूला, चार तुकड्यांत दुमडून रबरानं बांधलेली, इतकी गुपचूप की जणू चोरीचा माल. कमी दिसणाऱ्यांसाठीच्या केंद्रातल्या ताईंनी तिला ती वापरायला शिकवलं होतं, रस्त्यात, जिन्यावर, गर्दीत, आणि शेवटी शाबासकी देऊन म्हणाल्या होत्या की आता बाहेर काढायची हिंमत तेवढी तुझी तू आण, ती काही आमच्याकडे मिळत नाही. ती हिंमत आज आणू, उद्या आणू, असं चाललं होतं. कारण तिला दिसत होतं. खोटं कशाला बोला. समोरच्या माणसाच्या शर्टाचं बटण तुटलेलं असलं तर ते तिला सगळ्यांच्या आधी दिसे. सुईत दोरा ओवायला आई अजून तिलाच बोलवायची. पण त्या बटणाच्या आजूबाजूचा माणूस तिला तुकड्यातुकड्यानं जमवावा लागे. बांगडीतून जग बघावं तसं. आणि ती बांगडी वर्षावर्षानं लहान होत चाललेली, आधी आईच्या हातातली, मग तिची, आता कदाचित एखाद्या बाहुलीची. बांगडीच्या बाहेर काळोख असतो असं लोकांना वाटतं. काळोख नसतो तिथे. तिथे काहीच नसतं, जसं आपल्या पाठीमागे काही नसतं तसं, आणि त्या काहीच नसलेल्यातून अचानक एक स्टूल येतं आणि नडगीवर बसतं. डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्याचं चित्र दाखवून आईला समजावलं तेव्हा ती डॉक्टरांच्या पेनाचं टोपण बघत होती. टोपणावर दातांचे ठसे होते. एवढे मोठे डॉक्टर पेन चावतात, हे त्या खोलीत फक्त तिलाच दिसलं होतं, आणि तिलाच दिसत नाही म्हणून सगळे तिथे जमले होते. मग अशा मुलीनं काठी हातात घेतली तर ती खरी का? काठी घेऊन रस्ता ओलांडायचा आणि पलीकडे जाऊन मोबाईल वाचायचा, म्हणजे ज्यांना खरंच काही दिसत नाही त्यांच्या पानातलं ओढून खाल्ल्यासारखंच की. आणि नाही घेतली तर? तर आपण इतरांसारख्याच असल्याचं सोंग, दिवसभर, नडग्या काळ्यानिळ्या होईपर्यंत. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही तिच्या बांगडीच्या बाहेर.

तिचा थांबा आला. दप्तराची चेन तिनं अर्धी उघडली, बोटांना रबर लागलं, आणि चेन पुन्हा बंद झाली. उतरताना तिनं शेवटची पायरी पायानं चाचपून घेतली, नेहमीसारखी, कुणाच्या लक्षात येणार नाही अशी, चप्पल नीट करतेय असं दाखवत. हे चप्पल नीट करण्याचं नाटक तिनं आत्याकडून उचललं होतं. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, त्यांच्याकडेच राहणारी, एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोनवर बसणारी. तोच पडदा, तेच दुखणं, घरातून चालत आलेलं. आत्याची बांगडी मिटून मात्र फार वर्षं झाली होती. आत्याला हॉस्पिटलचे सगळे नंबर तोंडपाठ, आणि नुसत्या 'हॅलो'वरून ती ओळखायची की हा माणूस बाप झालाय की बिल बघून फोन करतोय. अशी तोंडाळ, हुशार बाई. पण घराबाहेर पडायची ती बाबांच्या कोपराला धरूनच. सकाळी बाबा सोडणार, संध्याकाळी बाबा आणणार, बाबांना ताप आला की आत्याची रजा. घरात काठी नव्हतीच कधी. आजोबांच्या काळात म्हणे कुणी सुचवलं होतं, तेव्हा आजोबा म्हणाले होते, काठी दिसली की पोरीचं सगळं संपलं. मग लग्नसमारंभात आत्याला एका खुर्चीवर नेऊन बसवायचं, काळा चष्मा फोटोपुरता काढायला लावायचा, आणि कुणी आलं की बाबांनी मागून हळूच नाव सांगायचं, म्हणजे आत्या आधी बोलेल आणि कुणाला ताकास तूर लागणार नाही. फोटोत आत्या नेहमी बसलेली असायची. हे तिला आत्ता, फुटपाथवरून चालताना, एकदम लक्षात आलं. आल्बममधल्या एकूण एक फोटोत बाकीचे उभे आणि आत्या बसलेली.

घरी आत्या आलेली होती, चहा घेऊन खिडकीशी बसली होती. "काय गं, आज पावलं जड पडतायत," ती म्हणाली. "परीक्षेत दिवा लावलास की कुणाशी भांडलीस?"

"काही नाही."

"काही नाही हे तू दाराकडे बघून म्हणालीस. माझ्याकडे बघून खोटं बोलत जा, मला काय फरक पडतो."

मग तिनं सांगितलं. शाळेची मैदानाकडची लांबच लांब भिंत यंदा त्यांचा वर्ग रंगवणार होता. चित्रकलेच्या बाईंची कल्पना अशी की प्रत्येकानं स्वतःचा म्हणून एक इमोजी निवडायचा आणि तो आपल्या हातानं भिंतीवर काढायचा. नावं नाहीत, फोटो नाहीत, नुसतं चित्र, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं ओळखायचं की हा कोण. भोंग्यानं साहजिकच कर्णा घेतला होता. वकिलानं तराजू. तिचंच काही ठरत नव्हतं, म्हणून भोंग्यानं परस्पर ठरवून टाकलं, आणि त्यावर वकील असं म्हणाला, आणि उद्या सकाळी बाईंना शेवटचं काय ते सांगायचं आहे. नाही तर फुलपाखरू घेते, ती म्हणाली. फुलपाखराला कुणी काही विचारत नाही.

आत्यानं कप खाली ठेवला. आत्याच्या फोनमध्येही तीच वाचणारी बाई होती, त्यामुळे इमोजी आत्याला नावांनी ठाऊक होते, चित्रांनी नाही. कुणी हसून लोळणारी तोंडं ओळीनं पाठवली की ती सगळी एकेक करून ऐकावी लागत, आणि आत्या म्हणायची की यांचं हसणं संपेपर्यंत माझं म्हातारपण येईल. "मी ते नाव ऐकलंय," आत्या म्हणाली. "पांढरी काठी घेतलेली स्त्री. मला वाटायचं कुणी म्हातारी असेल. दिसते कशी गं ती?"

आणि गंमत म्हणजे तिला ते सांगता येईना. तिनं ते चित्र नीट बघितलंच नव्हतं. एखाद्या नातेवाईकाला आपण तोंड चुकवतो तशी ती त्याच्यावरून नजर फिरवून पुढे जायची. आता तिनं फोन डोळ्यांसमोर धरला. एवढंसं चित्र. ते बांगडीत पूर्ण मावत होतं, डोक्यापासून पायापर्यंत, काठीच्या टोकापर्यंत. भिंती, माणसं, रस्ते, काहीच तिला असं एका वेळी अख्खं मिळत नसे. "म्हातारी नाहीये," ती म्हणाली. "माझ्यासारखी, तुझ्यासारखी, कुणीही असेल. मान ताठ आहे. काठी पुढे आहे, अशी तिरकी. एक पाय पुढे."

"एक पाय पुढे म्हणजे?"

"म्हणजे चालतेय ती."

"बसलेली नाही?"

"नाही."

आत्या बसल्या जागी पुढे सरकली. मग तिनं विचारलं, आणि हे विचारताना तिचा टेलिफोनवरचा आवाज कुठल्या कुठे गेला होता, "आणि कोणाचा हात धरलाय तिनं?"

तिनं पुन्हा बघितलं. चित्राच्या कडा बघितल्या, न जाणो बांगडीबाहेर कुणी राहून गेलं असेल. "कुणाचाच नाही. एकटीच आहे."

"एकटी," आत्या म्हणाली, आणि तो शब्द तिनं लिमलेटच्या गोळीसारखा तोंडात घोळवला. "चालतेय, आणि एकटी. आणि अख्ख्या जगात हिंडतेय म्हणजे, या फोनवरून त्या फोनवर. बघ बाई. आणि तुझे आजोबा म्हणायचे, काठी दिसली की पोरीचं संपलं. अगं, मला तर वाटतं काठी दिसली असती तर सुरू झालं असतं." मग लगेच सावरून, नेहमीच्या आवाजात, "फुलपाखरू काढ हवं तर. फुलपाखराला कुणी विचारत नाही हे खरं. पण ते कुणाला विचारतं तरी कुठे." दारात बाबा उभे होते, किती वेळचे कोण जाणे. ते म्हणाले, "शाळेत काठी नको गं, लोक काय काय विचारतात," आणि आत्या म्हणाली, "विचारू दे की. लोकांना तोंड दिलंय ते कशाला," आणि बाबा आत निघून गेले. त्या रात्री अंथरुणात तिला वकिलाचा प्रश्न आठवला आणि नवल म्हणजे तो आता तितका मोठा वाटेना. त्या चित्रात डोळ्यांना किती दिसतं हे कुठे लिहिलेलंच नव्हतं. काठी आहे, चाल आहे, एवढंच. म्हणजे प्रश्न दिसतं की नाही हा नव्हताच. प्रश्न होता, चालायचंय की नाही.

सकाळी शाळेच्या फाटकाच्या आत पाय ठेवल्यावर तिनं चेन उघडली, रबर काढलं आणि काठी सोडली. खट्, खट्, खट्. चार तुकडे एकात एक जाऊन बसले. मैदानावरचा गलका जरा थबकला आणि मग, तिच्या लक्षात आलं, पुन्हा सुरू झाला. एवढंच. एवढ्यासाठी तिनं इतके महिने घालवले होते. वर्गाच्या दारातला कचऱ्याचा डबा काठीला लागला, टण् वाजला, आणि तिनं त्याला वळसा घातला. आयुष्यात पहिल्यांदा त्या डब्याचा पराभव झाला. वकील उभा राहिला होताच. "पण मी वाईट अर्थानं नव्हतं लिहिलं," तो म्हणाला. "मला खरंच कळत नाही. तुला मेसेज दिसतात."

"वकीलसाहेब, प्रश्न बरोबर आहे तुमचा," ती म्हणाली, आणि आपला आवाज इतका मोकळा निघतोय याचं तिला स्वतःलाच हसू आलं. तिनं चित्रकलेचे दोन कागद घेतले, घट्ट, पेनाएवढ्या भोकाच्या नळ्या वळल्या आणि त्याच्या हातात दिल्या. "लाव डोळ्यांना. आता माझ्या फोनवर काय लिहिलंय वाच." त्यानं वाचलं, स्वतःचाच मेसेज, प्रश्नचिन्हासकट. "वाचता आलं? छान. आता नळ्या न काढता दारापर्यंत जा." वकील निघाला. पहिलं बाक त्याच्या मांडीला लागलं, दुसऱ्याला तो नमस्कार करून गेला, डब्यात त्याचा पाय अडकला, आणि दारातून आत येणाऱ्या चित्रकलेच्या बाईंच्या रंगाच्या पिशवीवर तो आपटला. भोंगा इतकी हसली की शेजारचा वर्ग बघायला आला. "धडक नंबर दोन," कुणीतरी मागून म्हणालं. वकिलानं नळ्या खाली केल्या. तो हसत नव्हता. "दिसतं," तो म्हणाला, "पण पुरत नाही." त्याला वकील का म्हणतात ते तिला त्या दिवशी कळलं, तिला जे पानंच्या पानं बोलूनही सांगता आलं नसतं ते त्यानं चार शब्दांत निकालासारखं सांगून टाकलं होतं. बाईंनी विचारलं, काय चाललंय, आणि तुझं चित्र कुठलं ठरलं. "पांढरी काठी घेतलेली मुलगी," ती म्हणाली. "माझी मी निवडली आहे."

बाईंनी मग एक चूक केली, फक्त चांगल्या माणसांकडूनच होते अशी. तिला भिंतीवरची सगळ्यांत मोठी जागा दिली, फाटकाकडच्या अंगाची, दोन पुरुष उंच. "तुला नीट दिसावं म्हणून," त्या म्हणाल्या. तिला हसू आवरेना. "बाई, मोठं असलं की मला कमी दिसतं. बोटाएवढं दिलंत तर अख्खं दिसेल." बाईंनी कपाळावर हात मारला, रंगासकट. "अगं मग लहान देऊ का?" तिनं भिंतीवर हात ठेवला. खडबडीत, उन्हानं तापलेली, दोन्ही बाजूंना तिच्या बांगडीबाहेर पसरलेली. आपलं चित्र आपल्याला अख्खं दिसणार नाही. पण तसं आपण स्वतःला तरी कुठे अख्खे दिसतो. "नको," ती म्हणाली. "मोठंच असू दे. मला तिचं काय ते ठाऊक आहे." भोंग्यानं आणखी एक शोध लावला होता. फोनवरचं नेहमीचं चित्र डावीकडे चालत जातं. पण नव्या चित्रांत उजवीकडे तोंड केलेलीही आहे. "डावीकडे काय आहे आपल्याकडे?" भोंगा म्हणाली. "सायकलस्टँड आणि पाण्याची टाकी. उजवीकडे फाटक. बोल." ठरलं, उजवीकडे. मग ती रंगवत गेली, पायापासून सुरुवात करून, एका वेळी वीतभर. बूट झाला की घोटा, घोटा झाला की गुडघा, आधीचं कुठे संपलं ते डाव्या हाताच्या बोटानं धरून ठेवायचं आणि उजव्या हातानं पुढे जायचं. भोंगा मैदानाच्या मध्यावर उभी राहून तिथून ओरडायची, "कोपर सुजलाय तिचा, कमी कर," "मान वर, अजून वर, हां, आता कशी साहेबासारखी वाटते." काठी तिनं सगळ्यांत शेवटी ओढली, शिडीवरून खाली येत येत, एका लांब पांढऱ्या फटकाऱ्यात, श्वास धरून. फटकारा सरळ आला. तिला तो दिसला नाही, खांद्यातून कळला.

भिंत बघायला घरचे लोक आले त्या दिवशी आई कामावरून परस्पर आली आणि आत्या बाबांच्या कोपराला धरून आली. लोक चित्रं ओळखत हिंडत होते, हा माझा, ती तुझी, आणि मोठ्या चित्रासमोर आले की कुणी काही विचारत नव्हतं. धडक, एवढंच म्हणत होतं. बाबा चित्राकडे बघत उभे राहिले. आत्यानं भिंतीला हात लावला. बूट, गुडघा, पुढे टाकलेला पाय, मग वर, जिथवर हात पोचला तिथवर, आणि मग त्या लांब पांढऱ्या रेघेवरून खाली, जमिनीपर्यंत. रंगाचा थर बोटांना लागत होता. "एवढी लांब असते?" आत्या म्हणाली.

"छातीपर्यंत यायला पाहिजे. तुझी माझ्याहून थोडी मोठी लागेल."

"आंधळा मागतो एक डोळा," आत्या म्हणाली, "आणि मी मेली मागतेय एक काठी. दे जरा तुझी."

बाबा म्हणाले, "अगं ताई, इथे गर्दी आहे, मी आहे ना." आत्या म्हणाली, "तू आहेसच रे. तू नेहमीच आहेस. म्हणून तर." आणि तिनं त्यांचा कोपर सोडला. सोडल्यावरही त्यांचा हात तसाच वाकलेला राहिला, हवेत, रिकामा, जणू त्यालाच आता कुणीतरी धरायला हवं होतं. आईनं तो धरला. धडकनं आत्याच्या मुठीत काठी दिली, अंगठा कसा ठेवायचा ते दाखवलं, टोक डावीकडे, टोक उजवीकडे. "भिंत डाव्या हाताला ठेव," तिनं सांगितलं. "फाटक समोर आहे. मी इथेच आहे." आत्यानं चप्पल नीट करायला पाय उचलला, आणि मग न करताच पुढे टाकला.

आधी तिला आत्याचा फक्त खांदा दिसत होता. खांदा, मग केसांचा अंबाडा, मग पाठीवरचा साडीचा पदर, आणि पुढे खट्, खट्, जमिनीवर वाजणारी काठी, बांगडीबाहेर कुठेतरी. ती मागे गेली नाही, सोबत गेली नाही, ती जागेवर उभी राहून बघत राहिली. आत्या अडखळली, थांबली, एका खांबाला काठी लागली, तिनं त्या खांबाला काहीतरी खवचट ऐकवलं, लोक हसले, आत्या निघाली. आता पाठ दिसत होती आणि कोपर. आता कोपर आणि काठीचा वरचा भाग. आत्या लांब जात होती आणि जितकी लांब जात होती तितकी तिची तिची जुळत चालली होती, डोकं मानेला, मान खांद्याला, हात काठीला, काठी जमिनीला. फाटकाच्या उजेडात पोचून रस्त्याला वळेपर्यंत आत्या एवढीशी झाली, बोटाएवढी, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती तिला एका वेळी अख्खी दिसली. मान ताठ. काठी पुढे, तिरकी. एक पाय पुढे. एकटी. उजवीकडे तोंड.